चीन असता तर हायवे झाला असता का? अमेरिका, चीन आणि सातबाऱ्यावरची नावं

मिऱ्याबंदर

मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता कॉलेजात आहेत. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये दर गणपतीत एक तरी प्रवासी हमखास म्हणतो, "चीन असता तर दोन वर्षांत रस्ता करून मोकळा झाला असता." दुसरा लगेच अमेरिकेचं नाव काढतो, आणि मग दोघं पनवेल येईपर्यंत भांडतात. हे भांडण इथे नीट करू या म्हणून धागा काढतोय.

आकडे एकदाच देतो. २०२४ मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था साधारण २९ लाख कोटी डॉलरची होती, चीनची पावणेएकोणीस लाख कोटींच्या आसपास. माणशी बघितलं तर अमेरिका ८५ हजार डॉलर, चीन १३ हजार. जगातल्या कारखान्यांत जे बनतं त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास एकट्या चीनमध्ये बनतं. अमेरिकेत जीडीपीतला दोन तृतीयांशाहून जास्त भाग लोकांच्या घरखर्चाचा, चीनमध्ये तो चाळीस टक्क्यांच्या आत-बाहेर. एक विकत घेऊन चालतो, दुसरा बनवून.

यावर कोणीही कितीही लिहू शकतो. मला वेगळंच विचारायचं आहे. सरकारला तुमची जमीन हवी आहे आणि तुम्ही "देत नाही" म्हणालात, तर पुढे काय होतं? आपण हा प्रश्न दाभोळला, जैतापूरला, नाणारला, बारसूला विचारून झालाय. त्यामुळे त्याचं उत्तर समजण्याची अक्कल आपल्याकडे दिल्लीच्या टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त आहे असं माझं मत.

चीनच्या १९८२ च्या घटनेप्रमाणे शहरातली जमीन सरकारची आणि गावातली 'सामूहिक' मालकीची. शेतकऱ्याकडे असतो तो कसण्याचा हक्क. "पणजोबांची आहे" म्हणून सातबारा नाचवायची सोयच नाही. वर्षानुवर्षं तिथे मोबदला शेतीच्या उत्पन्नावरून काढायचे आणि तीच जमीन स्थानिक सरकार बिल्डरला लिलावात कितीतरी पट भावाने विकायचं. मधला फरक सरकारी तिजोरीत. चकाचक मेट्रो आणि पूल बघून आपण तोंडात बोटं घालतो, त्यातला मोठा पैसा या फरकाचा आहे. थ्री गॉर्जेस धरणासाठी तर १३ लाखांच्या आसपास माणसं हलवली.

तरी तिथे कोणी 'नाही' म्हणतच नाही असं समजू नका. २००७ मध्ये चोंगछिंग शहरात एका जोडप्याने घर सोडायला नकार दिला. बिल्डरने चारी बाजूंनी खोल खड्डा खणला आणि ते दुमजली घर मध्ये मातीच्या ढिगाऱ्यावर एकटं उभं राहिलं. वीज-पाणी तोडलेलं, आणि गच्चीवर झेंडा लावून नवरा बसलेला. फोटो जगभर गेला. शेवटी तडजोड होऊन घर पडलं. ग्वांगडोंगमधल्या वूकान गावाचं प्रकरण जास्त कडवट आहे. २०११ मध्ये जमीनविक्रीवरून गावकऱ्यांनी पक्षाच्या अधिकाऱ्यांना गावातून हाकललं. त्यांचा एक प्रतिनिधी कोठडीत वारला. मग प्रांताने नमतं घेतलं, निवडणूकही होऊ दिली. निवडून आलेला गावप्रमुख २०१६ मध्ये लाचखोरीच्या आरोपाखाली तुरुंगात गेला.

आता अमेरिका. तिथल्या घटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक कामाला जमीन घ्या, पण वाजवी मोबदला द्या. पण सार्वजनिक काम म्हणजे काय? कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराने औषध कंपनीच्या शेजारी हॉटेलं, ऑफिसं उभी राहतील आणि कर वाढेल म्हणून राहती घरं घेतली. सुझेट केलो या बाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि २००५ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालाने हरल्या. पुढे ती कंपनीच शहर सोडून गेली आणि पाडलेल्या घरांच्या जागेवर कित्येक वर्षं नुसतं गवत. लोक इतके चिडले की चाळीसहून जास्त राज्यांनी भूसंपादनाचे नियम बदलले. बाई हरल्या, पण कायदा हलला.

आणि अमेरिकेने आपले हायवे बांधले तेव्हा काय केलं हेही बघा. १९५६ चा कायदा झाल्यावर शहराशहरांतून रस्ते घातले, ते बऱ्याचदा काळ्या लोकांच्या वस्त्यांवरून. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराची रोंडो नावाची वस्ती अशीच मधोमध चिरली. न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजकडच्या लोकांनी मात्र आपल्याकडचा एक्सप्रेसवे हाणून पाडला. तेव्हा 'नाही' ऐकलं जातं का, याच्या आधी ते कोण म्हणतंय हे विचारायला हवं.

चिपळूणकर_सध्या_ठाणे

मिऱ्याबंदर, लेख चांगला, पण रस्त्याचं उत्तर दिलंच नाही. बीजिंग-शांघाय १,३१८ किमीची बुलेट ट्रेन २००८ मध्ये सुरू करून २०११ मध्ये धावायला लागली. त्याच २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदान करून आपली बुलेट ट्रेन मंजूर केली. तेव्हाचा अंदाज ३३ अब्ज डॉलरचा, आता शंभर अब्जांच्या वर गेलाय, आणि अजून एकही प्रवासी बसलेला नाही. पर्यावरणाचा दावा, जमिनीचा दावा, मग त्या दाव्यावर दावा. नाही म्हणणारे शंभर, ताटकळणारे लाखो. त्या लाखोंचं 'हो' कोण मोजतं?

आपल्याकडे सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. निम्मी मुंबईत, दोन-चार स्वर्गात. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत कशेडीचा डोंगर झिजून सपाट होईल.

बांद्याचो_बाबलो

चीनात हायवे झालो असतो ह्या खरा. पण मगे खड्ड्यांचे फोटो टाकूक फेसबुक खंयसून आणतलास? थंय ता बंद आसा.

मिऱ्याबंदर

@चिपळूणकर, ट्रेनचं बिलही बघा की. चिनी रेल्वेच्या डोक्यावर सहा लाख कोटी युआनच्या घरात कर्ज आहे. आणि २०११ च्या जुलैमध्ये वेंजोऊला दोन बुलेट गाड्यांची टक्कर होऊन ४० माणसं गेली, तेव्हा पडलेला डबा तिथेच खड्ड्यात पुरायला घेतला होता. लोकांनी तिकडच्या समाजमाध्यमांवर इतका आरडाओरडा केला की तो परत उकरावा लागला. रेल्वेमंत्री आधीच भ्रष्टाचारात निघाला होता, २०१३ मध्ये त्याला स्थगित फाशीची शिक्षा झाली. वेगाचा हिशेब तिथेही द्यावा लागतो, फक्त उशिरा आणि कोणत्या तरी एका डोक्यावर.

जाता जाता, कोकण रेल्वे १९९० ते १९९८ या काळात झाली. ७४० किमी, नव्वदच्या वर बोगदे, तेही लोकशाहीत आणि याच सातबाऱ्यांवरून. तेव्हा सगळा दोष सह्यांवर ढकलू नका.

दर्यावर्दी

मी बोटीवर इंजिनात आहे, दोन्हीकडची बंदरं पाहिलीत. तुम्ही जमिनीचं बोललात, मी धक्क्याचं सांगतो.

शांघायचं यांगशान बंदर किनाऱ्यापासून आत समुद्रात, लांबलचक पुलाने जोडलेलं. चौथ्या टप्प्यातल्या धक्क्यावर माणूसच दिसत नाही. क्रेन आपोआप, कंटेनर नेणाऱ्या गाड्या बिनड्रायव्हरच्या. रात्री डेकवर उभं राहिलं की नुसता मोटारींचा आवाज येतो, एकही शिवी ऐकू येत नाही. शांघायने २०२४ मध्ये पाच कोटींहून जास्त कंटेनर हाताळले (वीस फुटी हिशेबाने), लॉस एंजेलिसने एक कोटीच्या थोडे वर.

अमेरिकेत धक्क्यावर माणूस आहे आणि तो मालकासारखा वागतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी तीन दिवस संप केला आणि सहा वर्षांत ६२ टक्के पगारवाढ पदरात पाडून घेतली. दुसरी मागणी होती, आमचं काम यंत्राला देऊ नका. तीन दिवसांत जगभरच्या मालकांची झोप उडाली होती. चीनमध्ये कामगार संघटना एकच, तीही पक्षाची. मग यांगशानला संप करणार कोण? क्रेन?

खलाशाला दोघंही कसे वागवतात तेही लिहितो, कारण रत्नागिरी-दापोलीकडच्या घराघरात कोणी ना कोणी बोटीवर आहे. अमेरिकेत क्रूचा सी-वन डी व्हिसा नसेल तर गँगवेखाली पाय टाकता येत नाही. कधी कधी तर गेटवर गार्ड उभा करतात आणि त्याचं बिल कंपनीच्या बोकांडी. पण नियम छापलेला असतो, एजंट तो दाखवतो, तुम्ही शिव्या घालून केबिनमध्ये जाता. चीनमध्ये २०२० मध्ये 'जग आनंद' आणि 'अनास्तासिया' या दोन बोटी ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन गेल्या आणि नांगरावरच अडकल्या. चीन-ऑस्ट्रेलिया भांडण चाललं होतं. कोळसा उतरवू देईनात, माणसं बदलू देईनात, कारण करोनाचं. ३९ भारतीय खलाशी महिनोन्महिने समोर किनारा दिसतोय आणि उतरता येत नाही अशा अवस्थेत. कोणाकडे दाद मागायची तेच कळेना. जग आनंद शेवटी २०२१ च्या जानेवारीत जपानला जाऊन माणसं उतरवून आली.

असो. जगातल्या नव्या बोटींपैकी निम्म्याहून जास्त टनेज आता चीनमध्ये बांधलं जातं, अमेरिकेत एक टक्काही नाही. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर बोट अमेरिकेतच बांधलेली हवी असा १९२० चा कायदा आहे. धंदा वाचवायला केलेला, आणि बोटबांधणीचा धंदाच तेवढा गेला.

अंजनवेल

कोकणात अमेरिका कशी वागली हे कोणी लिहिलंच नाही. मग गुहागरवाल्याने लिहायला हवं.

१९९२ मध्ये दाभोळच्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी सामंजस्य करार झाला. १९९५ मध्ये सरकार बदललं आणि करार रद्द, 'अरबी समुद्रात बुडवू' वगैरे भाषणं सगळ्यांना पाठ आहेत. नंतर वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प परत आला. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना, बायाबापड्यांसकट, पोलिसांनी उचललं, मारलं. त्यावर १९९९ मध्ये एका अमेरिकन मानवाधिकार संघटनेनेच कंपनीला दोष देणारा अहवाल काढला. त्याच वर्षी पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग की २००१ मध्ये मंडळाने ती घेणंच थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर. आमच्याकडे चिमण्या उभ्या, धूर नाही.

पण त्यानंतर अमेरिकेत काय झालं ते जास्त बघण्यासारखं आहे. खोटे हिशेब उघड्या कोर्टात बाहेर आले. मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंग बरीच वर्षं तुरुंगात राहून २०१९ मध्ये सुटला. हिशेब तपासणारी जगातली बडी फर्म बुडाली. २००२ मध्ये नवा कायदा आला. कामगारांची म्हातारपणाची पुंजी मात्र गेली ती गेलीच.

याच्या शेजारी चीनची एव्हरग्रांडे ठेवा. बिल्डर. डोक्यावर तीनशे अब्ज डॉलरच्या घरात देणी. २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर मर्यादा घातल्या आणि २०२१ मध्ये ही कंपनी कोसळली. तिथे फ्लॅट बांधून व्हायच्या आधीच पूर्ण रक्कम भरायची आणि बँकेचा हप्ता लगेच सुरू. विरार-डोंबिवलीत बुकिंग करून भाडं आणि हप्ता दोन्ही भरलेल्या कोकणी माणसाला ही तिडीक समजावून सांगायला नको. २०२२ च्या उन्हाळ्यात चीनच्या कित्येक शहरांत लोकांनी जाहीर करून टाकलं, इमारत पूर्ण करा, तोवर हप्ता भरत नाही. अशा देशात हे म्हणणं ही साधी गोष्ट नाही. सरकारने घाईघाईने अर्धवट इमारती पुऱ्या करायला पैसा सोडला. मालकाला २०२३ मध्ये ताब्यात घेतलं. त्यानंतर २०२४ च्या जानेवारीत कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला तो हाँगकाँगच्या कोर्टातून, म्हणजे इंग्रजांनी घालून दिलेल्या कायद्याच्या चौकटीतून.

एन्रॉनच्या बाबतीत सगळं कळलं आणि पैसा बुडाला. एव्हरग्रांडेत काही इमारती पुऱ्या झाल्या, पण कोणाच्या सहीने काय झालं ते कधी कळणार नाही. मी दाभोळजवळ राहतो, मला काय झालं ते कळणं जास्त मोलाचं वाटतं. फ्लॅट अडकलेल्याला कदाचित उलट वाटेल.

वेंगुर्ल्याची_माई

दर्यावर्दी दादा, छान लिहिलंत. मी माशांचं सांगते.

आपल्या मासळीची सगळ्यात मोठी दोन गिऱ्हाइकं हीच. अमेरिका पहिली, चीन दुसरा. पण अमेरिकेला जाते ती आंध्रातली तळ्यातली कोळंबी. आपल्या ट्रॉलरची समुद्रातली कोळंबी तिथे २०१९ पासून बंद आहे, कारण जाळ्यात कासव सुटायची खिडकी नसते. आपल्याकडे वेळासला कासवांची अंडी जपतात, पिल्लं समुद्रात सोडायचा महोत्सव करतात, आणि त्याच जिल्ह्यातली कोळंबी कासवांसाठी बंद! हसावं की रडावं. पण कायदा १९८९ पासूनचा आहे, भारताने इतर देशांबरोबर जागतिक व्यापार संघटनेत त्याच्याशी भांडणही केलं, १९९८ मध्ये निकाल लागला, अमेरिकेने पद्धत सुधारली आणि कायदा ठेवला. खिडकी बसवा, माल आणा, एवढं साधं आहे.

आपल्याकडून चीनला जाते वाकटी आणि माकूल. वाकटी आपण सुकवून खातो, ओली घेताना तोंड वाकडं करतो; तीच गोठवून जहाजाने जाते. चीनने कासवाचं कधी विचारलं नाही. पण २०२०-२१ मध्ये पॅकिंगवर करोनाचे अंश मिळाले म्हणत कितीतरी भारतीय निर्यातदारांचा माल थांबवला. अपील कुठे करायचं? थांबायचं, बास.

अमेरिका कायद्याने वागते म्हणून गोडवे गाणाऱ्यांनी २०२५ आठवावं. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयात कर, एका माणसाच्या सहीने, आणि धक्क्यावर भाव दुसऱ्या दिवशी पडलेला. फरक इतकाच की त्याच राष्ट्राध्यक्षाच्या आयात करांविरुद्ध तिथल्याच वाइन मागवणाऱ्या एका छोट्या कंपनीने दावा लावला होता आणि मे महिन्यात व्यापार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला होता. चीनमध्ये व्यापाऱ्याने शी जिनपिंगवर दावा लावलाय अशी कल्पना करून बघा.

राजापूरची_गंगा

सगळे 'नाही म्हणण्याचा हक्क' घेऊन बसलेत. ज्याला घरी मनीऑर्डर येते त्याला नाही म्हणणं परवडतं. बारसूला २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी काय झालं ते मी पाहिलंय, पोलिसांचं वागणं मला पटलं नाही. पण माझा भाऊ बारावी होऊन अंधेरीत वॉचमन आहे हेही खरं. चीनने चाळीस वर्षांत ऐंशी कोटींच्या आसपास माणसं दारिद्र्यातून वर काढली, जागतिक बँकच सांगते. कारखाना आला म्हणून.

खेडचा_चाकरमानी

गंगाताई, तुमचा राग समजतो. पण चीनच्या खेड्यातला तुमचा भाऊ कारखान्यात गेला तर काय होतं ते ऐका.

तिथे १९५८ पासून हुकोउ आहे, म्हणजे जन्मगावची नोंद. ती गावची असेल तर शहरात नोकरी करा, पण पोराला सरकारी शाळा, दवाखाना, पेन्शन शहरवाल्यासारखं मिळेलच असं नाही. छोट्या शहरांत आता नियम सैल केलेत, बीजिंग-शांघायमध्ये नाहीत. कॉलेजप्रवेशाची परीक्षा सहसा नोंद असलेल्या प्रांतातच द्यायची. गाव सोडून आलेले कामगार तीस कोटींच्या आसपास, आणि त्यांची कोट्यवधी मुलं गावी आजी-आजोबांकडे. वसंतोत्सवाला सगळा देश गावी निघतो.

आपण गणपतीला तसेच निघतो, तिकिटाला तशाच रांगा. पण माझे आजोबा गिरणीत लागले, लालबागच्या चाळीत राहिले, बाबा महापालिकेच्या शाळेत शिकले, रेशनकार्ड मुंबईचं झालं, मत मुंबईत दिलं. कोणी विचारलं नाही की तू खेडचा, इथे कसा. त्या मतांवर मुंबईचं राजकारण उभं राहिलं. चिनी चाकरमान्याने शहर बांधलं, पण शहराने त्याला मत विचारलं नाही.

अमेरिकेतही एक छुपा हुकोउ आहे बरं का. सरकारी शाळेचा मोठा खर्च त्या भागाच्या घरपट्टीतून चालतो. महाग घरांच्या वस्तीत शाळा भारी, गरीब वस्तीत फुटकी. सामान उचलून दुसरीकडे जायला बंदी नाही, फक्त घरभाडं परवडायला हवं.

आणि ऐंशी कोटींचं म्हणाल तर तीच यंत्रणा १९५९ ते ६१ च्या दुष्काळातही होती. वर खोटे आकडे जात राहिले, खाली कोट्यवधी माणसं उपाशी मेली. एकच मूल हा नियम १९८० पासून पस्तीस वर्षं रेटला, आता २०२२ पासून लोकसंख्या घटतेय आणि तीन मुलं होऊ द्या म्हणतायत. वेळेवर कोणी नाही म्हणू शकलं नाही.

राजापूरची_गंगा

पटतंय थोडं. पण अमेरिकेत २०२५ मध्ये दोन पक्षांच्या भांडणात सरकार ४३ दिवस बंद होतं, विमानतळावरचे कर्मचारी बिनपगारी कामावर. प्रत्येकाला नाही म्हणता आलं की असंही होतं. माझा प्रश्न तसाच आहे: कारखानाही यावा आणि गावाला विचारलंही जावं, असं यातल्या कुठल्या देशात झालंय?

चिपळूणकर_सध्या_ठाणे

गंगाताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसरी एक शंका. चीनमध्ये जमीन सरकारची, तर फ्लॅटचं काय? ७० वर्षांनी घर परत?

मिऱ्याबंदर

घर तुमचं, खालच्या जमिनीचा पट्टा ७० वर्षांचा. पण वेंजोऊत काहींचे पट्टे वीसच वर्षांचे होते, ते २०१६ च्या सुमारास संपायला आले. नूतनीकरणाला घराच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे लागतील अशी बातमी फुटली आणि देशभर ओरड झाली. सरकारने माघार घेऊन फुकट नूतनीकरण करून दिलं. २०२१ च्या नागरी संहितेत 'आपोआप नूतनीकरण होईल' असं लिहिलंय, पैसे किती ते पुढच्या कायद्यावर सोडलंय. सगळ्या देशात घरावर वार्षिक पट्टी अजून लावलेली नाही, कारण मध्यमवर्गाची सगळी पुंजी त्या घरांत आहे आणि तो वर्ग खवळलेला पक्षाला परवडणार नाही.

अमेरिकेत घर, जमीन दोन्ही तुमची, पण घरपट्टी थकली की काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, घर विकते. मिनेसोटात एका म्हातारीची थकबाकी दंडासकट १५ हजार डॉलर होती, घर विकलं ४० हजाराला, आणि वरचे २५ हजारही काउंटीने ठेवून घेतले. ती ९४ वर्षांची असताना, २०२३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की वरचे पैसे तिचे आहेत.

बांद्याचो_बाबलो

म्हणजे घरपट्टी खंयच चुकाची नाय. माझी दोन वर्षांची रवली हा, फाल्या ग्रामपंचायतीत जातंय.